माळ्यावरचं ऊन

1898 च्या ऑगस्टमध्ये बंगळुरात प्लेग शिरला आणि त्यानंतर पेठेतल्या दाटीबाहेर, नंदीच्या देवळाच्या परिसरात बसवनगुडी आखली गेली. रुंद सरळ रस्ते, घरामागे सफाईची गल्ली, घराभोवती मोकळी जागा. भरपूर उजेड आणि खेळता वारा मिळावा, हा त्या आखणीचा हेतू. पुढच्या काही दशकांत इथे मंगळुरी कौलांची बैठी घरं उभी राहिली. वर कौलं, खाली लाकडी फळ्यांचं छत आणि दोहोंच्या मधे उतरत्या छपराचा अंधारा माळा.

समुद्रसपाटीपासून 920 मीटरवरच्या या शहरात त्या घरांना एके काळी पंखाही लागत नसे. पण 24 एप्रिल 2016 ला बंगळुरात पारा 39.2 अंशांवर गेला आणि 2024 च्या एप्रिलमध्येही तो 38 च्या वर चढला. बसवनगुडीतल्या गांधी बझारच्या मागच्या गल्ल्यांत अशी घरं आता थोडीच उरली आहेत. ज्यांनी घर बिल्डरला दिलं नाही, त्यांच्यापुढे प्रश्न आहे की एसी बसवायचा की माळ्यावर उष्णतारोधक थर घालायचा. आणि थर घालायचा, तर जिथे माणसाला धड बसताही येत नाही तिथे तो घालणार कोण?

या प्रश्नाच्या दोन बाजू पुढच्या संवादात आहेत. आत्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली आहे आणि असं एक घर वर्षानुवर्षं निगुतीनं राखून आहे. भाचा पुण्यात इमारतींच्या ऊर्जावापराचे हिशोब करतो.

भाचा : आत्या, दुपारी दोन वाजले की तू हॉल सोडून मागच्या खोलीत का जाऊन बसतेस?

आत्या : मागच्या खोलीवर आंब्याची सावली आहे म्हणून.

भाचा : म्हणजे तिथल्या कौलांवर ऊन पडत नाही आणि हॉलच्या कौलांवर पडतं. भिंती दोन्हीकडे सारख्याच जाड आहेत. घर डोक्यावरून तापतंय, हे तू रोज स्वतःच दाखवून देतेस.

आत्या : मग हॉलवर सावली धरेल असं झाड लावू. उपाय अंगणातच आहे.

भाचा : लाव की, पण ते छपराच्या वर जायला दहा-पंधरा वर्षं जातील. तुझा मुलगा एसी पाठवायला निघालाय, तो पुढच्या आठवड्यात भिंतीवर असेल. म्हणून माझी तुलना थर घातलेलं घर आणि आजचं घर यांच्यात नाहीच. ती थर आणि एसी यांच्यात आहे.

आत्या : एसी मलाही नकोय. फळ्यांच्या फटींतून निम्मी थंड हवा माळ्यावर आणि तिथून कौलांतून बाहेर जाईल. बिल मी भरायचं आणि गारवा कबुतरांनी घ्यायचा! पण एसी नको म्हणून माळा कापसानं भरून टाक, हेही मला पटत नाही. कौलारू घराचा गुण तू विसरतोस. समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई सांगतात, रात्री अकरा वाजतासुद्धा स्लॅबला हात लावला तर चटका बसतो. माझं कौल संध्याकाळी सातनंतर गार पडायला लागतं. ते पातळ असतं, उष्णता साठवून ठेवत नाही. एप्रिलमध्येही इथे रात्री पारा 22 च्या आसपास उतरतो. तो गारवा घरात यायला मला छप्पर उघडंच हवं.

भाचा : रात्रीचा मुद्दा मान्य. दुपारचं काय? भर उन्हात कौल 55 अंशांपर्यंत सहज जातं. समज, खाली फळ्यांचं छत 35 वर आहे. तूच मुलांना स्टीफनचा नियम शिकवायचीस ना?

आत्या : केल्विनमध्ये मांड. 328 चा चौथा घात वजा 308 चा चौथा घात, गुणिले स्टीफनचा स्थिरांक. दोन्ही पृष्ठभाग पूर्ण काळे धरले तर चौरस मीटरला 146 वॉट. कौल आणि लाकूड पूर्ण काळं नसतं, दोघांची उत्सर्जकता 0.9 धरली तर 120 च्या आसपास.

भाचा : हॉल तीस चौरस मीटरचा आहे. साडेतीन हजार वॉट! दोन-तीन इस्त्र्या छताला उलट्या टांगल्यासारखं झालं हे.

आत्या : थांब. हा आकडा पहिल्या क्षणाचा. फळ्या तापत जातात, फरक कमी होतो, आणि माळ्यावर वारा असतो तो काही उष्णता उचलून नेतो. खोलीत उतरते ती याहून बरीच कमी. कागदावरचा आकडा घेऊन मला घाबरवू नकोस.

भाचा : बरं, मग बांधकामवाल्यांच्या पद्धतीनं मोजू. कौल, माळ्यातली हवा, फळ्या आणि दोन्हीकडचे हवेचे पातळ थर, या सगळ्यांचा मिळून उष्णतेला होणारा रोध धरला तर आजच्या छपरातून एक अंश फरकाला चौरस मीटरमागे ढोबळ 1.8 वॉट आत येतात. केंद्राच्या 2018 च्या इको निवास संहितेत नव्या घरांच्या छपरासाठी कमाल मर्यादा 1.2 आहे. तुझं घर जुनं, त्याला ती लागू नाही. पण अंदाजाला बरी. फळ्यांवर 50 मिलिमीटर रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंचा थर, पसरलं तर 1.8 चे थेट 0.55 होतात.

आत्या : आणि 100 मिलिमीटर पसरलं तर?

भाचा : 0.33.

आत्या : म्हणजे पहिल्या 50 नं सव्वा वॉट वाचवला आणि दुसऱ्या 50 नं पाव वॉटसुद्धा नाही. आणि मर्यादाच गाठायची तर साधारण सेंटिमीटरभर पुरतं, बरोबर? मग हे दुकानदार चार-चार इंची गाद्या कोणाला विकतात?

भाचा : थंडीच्या देशांत घर सहा-सहा महिने तापवावं लागतं, बाहेर उणे दहा नि आत वीस असतं, तिथे ती जाडी परवडते. इथे नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत हवामानाचे पाच पट्टे आहेत, त्यांत बंगळूर समशीतोष्ण पट्ट्यात येतं. इथे 50 च्या वर जाऊ नये, हे माझंही मत. पण 10 वरही थांबू नये. फळ्यांवर तुळया आहेत, सांध्यांत फटी राहतात, कामगार कोपऱ्यात तुकडा दाबून बसवतो. दाबला की आतली हवा जाते आणि रोध घटतो. थर काम करतो तो आत अडकलेल्या हवेच्या जोरावर, तंतू फक्त तिला धरून ठेवतात.

आत्या : चला, जाडी ठरली. आता मला सांग, तो वर जाणार कसा? न्हाणीच्या बोळात छताला दोन फूट बाय दोन फुटांची झडप आहे. ती उघडून वर डोकं काढलं की आढ्याखाली जेमतेम चार फूट. वळचणीकडे सरकलास की वीतभर जागा उरते. पाय फळीवर पडला तर माणूस थेट माझ्या दिवाणावर येईल. फळ्या धूळ अडवायला घातल्या आहेत, माणूस पेलायला नाही.

भाचा : तुळयांवर आडव्या फळ्या टाकून सरपटत जातात. पोटावर झोपून, लांब काठीनं तुकडे कोपऱ्यात सरकवतात. तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट.

आत्या : एप्रिलमध्ये? त्या अंधारात, 50 अंशांच्या कौलांखाली?

भाचा : नाही. एप्रिलमध्ये मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात याचा धडा मिळालाय. 2009 मध्ये तिथल्या सरकारनं घरांच्या माळ्यांवर थर घालायला अनुदान दिलं. वर्षभरात दहा लाखांहून अधिक घरांत काम झालं आणि चार तरुण कामगार गेले. तिघे विजेच्या धक्क्यानं, एक उष्माघातानं. त्यांतल्या दोघांच्या वेळी चमकदार फॉइल धातूच्या पिनांनी ठोकताना पिना विजेच्या तारेत घुसल्या आणि सगळं फॉइलच जिवंत झालं. 2010 मध्ये योजना बंद झाली, 2014 मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला.

आत्या : माझ्या माळ्यावर जुनं वायरिंग आहे, लाकडी पट्ट्यांतलं. त्यातलं रबर कुठे तडकलंय हे मलाही माहीत नाही. आणि हे सगळं तू मला आत्ता सांगतोस?

भाचा : आत्ताच सांगायला हवं. थर घालण्याआधी वायरिंग बदलायचं, हा पहिला खर्च. जुनी तार रॉकवूलखाली गाडली तर तिची उष्णता बाहेर पडत नाही आणि आधीच तडकलेलं रबर आणखी लवकर खराब होतं. जोडाच्या पेट्या कधीच झाकायच्या नाहीत. छतात खोबणी करून बसवलेला दिवा असेल तर त्याच्याभोवती जागा सोडायची. काम चालू असताना मेन स्विच बंद आणि त्याची किल्ली वर चढलेल्याच्या खिशात.

आत्या : हे ठीक. पण एवढं सगळं त्या झडपेतूनच का करायचं? तुझ्या डोळ्यांसमोर त्या परदेशी घरांचे माळे आहेत, ज्यांचं छप्पर एकदा बसवलं की पन्नास वर्षं कोणी हलवत नाही. त्यांना खालूनच शिरावं लागतं. आपलं तसं आहे का? मंगळुरी कौल रिपेवर नुसतं टेकलेलं असतं. खालच्या बाजूला खुंटी, कडेला खाच, एकात एक अडकतात. ना खिळा, ना सिमेंट. फक्त आढ्यावरची कौलं चुन्यात बसवलेली असतात. बाकी हातानं उचलता येतात. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्टनं 1865 मध्ये मंगळुरात कारखाना काढला तो याच मापाच्या, याच खाचांच्या कौलांसाठी. फुटलं तर तेवढंच काढून दुसरं बसवायचं.

भाचा : म्हणजे वरून?

आत्या : वरून. कोकणात तुझ्या आजोळी पावसाआधी कौलं चाळायचे, आठवतं? फुटकी काढायची, घसरलेली सारखी करायची, रिपांवरचा कचरा झाडायचा. इथेही ते करावंच लागतं. माझ्याकडचा माणूस आला की हॉलवरची चार-पाच ओळी कौलं काढून बाजूला रचतो आणि वासे, रिपा, तुळया सगळं उन्हात दिसतं. तुझ्या माळ्याचं दार दोन फुटांचं नाही, अख्ख्या छपराएवढं आहे. फक्त ते वर्षातून एकदाच उघडतं.

भाचा : आत्या, हे माझ्या कोणत्याही पुस्तकात नाही. वरून उघडलं तर सरपटणं संपलं. अंधार संपला, उष्माघात संपला. कामगार वाशांवर फळी टाकून, मोकळ्या हवेत काम करेल.

आत्या : आणि एका वेळी तेवढाच पट्टा उघडायचा जेवढा त्याच दिवशी परत झाकता येईल. चौरस मीटरला पंधराएक कौलं, एकेक दोन-सव्वादोन किलोचं. ती खाली उतरवायचीही गरज नाही, शेजारच्या ओळींवर सरकवून ठेवतात. मात्र एका जागी ढीग नको, वासा वाकतो. कडलेकाई परिषे, म्हणजे इथली भुईमुगाच्या शेंगांची जत्रा झाली, संक्रांत उलटली की आकाश कोरडं असतं. जानेवारीअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा. पुढे एप्रिलच्या वळवाचा भरवसा नाही.

भाचा : मग आता भांडण फक्त काय घालायचं याचं उरलं.

आत्या : फक्त? खरं भांडण तिथेच आहे. तुमच्याकडचा एक विक्रेता येऊन गेला. म्हणाला, कौलांना आतून फोमचा फवारा मारतो, दीड इंच. फुगून सगळ्या फटी बंद, गळती बंद, उंदीर बंद. एका दिवसाचं काम.

भाचा : पॉलियुरेथेन फोम. खोटं बोलला नाही तो. उष्णता अडवण्यात रॉकवूलपेक्षा तो सरस आहे, निम्म्याहून थोड्या जास्त जाडीत तेवढंच काम करतो.

आत्या : आणि उद्या एक कौल फुटलं तर? कौल, रीप, फोम सगळं एकजीव झालेलं. एक काढायला गेलास की चार येतील. दीडशे वर्षं ज्या छपराची शहाणी गोष्ट ही होती की त्याचा प्रत्येक तुकडा सुटा आहे, त्याला तू एका दिवसात डिंकानं चिकटवणार. शिवाय फोमच्या मागे लाकूड ओलं राहिलं, वाळवी लागली, तर ते मला दिसणार कसं?

भाचा : तिथे मी तुझ्या बाजूला आहे. आगीचंही आहे. तो फोम पेटला की त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतं. जुनं वायरिंग, लाकडी छत आणि वर फोम हे मी कोणालाच सुचवणार नाही. रॉकवूल दगड वितळवून काढलेलं असतं, ते हजार अंशांपर्यंत पेटत नाही. वजनालाही हलकं, 50 मिलिमीटर जाडीचं चौरस मीटरला अडीच किलोच्या आतबाहेर. तुझ्या फळ्या ते सहज पेलतील.

आत्या : आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर?

भाचा : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2001 मध्ये हा विषय पुन्हा तपासला आणि इमारतीत वापरायचं ग्लासवूल, रॉकवूल यांना तिसऱ्या गटात टाकलं. म्हणजे माणसात कर्करोग होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. खाज सुटते, डोळे चुरचुरतात, खोकला येतो. म्हणून मास्क. ॲस्बेस्टॉसची गोष्ट वेगळी. तुझ्या स्वयंपाकघराच्या छताला करड्या शीट आहेत ना? त्या ॲस्बेस्टॉसच्या असण्याची दाट शक्यता आहे. त्यांना भोक पाडायचं नाही, घासायचं नाही, तोडायचं नाही.

आत्या : बरं, आता माझं ऐक. इथला पाऊस सरळ पडत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात वाऱ्यासोबत तिरपा येतो आणि कौलांच्या खाचांतून तुषार आत उडतात. फळ्यांवर पडतात, दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं वाळतात. तिथे तू रॉकवूल पसरलंस की ते पाणी पिऊन बसेल. वरून दिसणार नाही, खालून कळणार नाही. कळेल तेव्हा फळी कुजलेली असेल.

भाचा : भिजलं तर त्याचा रोधही जातो, कारण हवेच्या जागी पाणी येतं. हे खरंय. पण त्यासाठी वरचं छप्पर सुधारायचं.

आत्या : मग उंदीर. रॉकवूल ते खात नाहीत, पण त्यात घरटं छान होतं. प्लेगमध्ये मुंबईत घरांत ऊन शिरावं म्हणून कौलं काढायला लावत असत. त्याच साथीच्या भीतीनं ही वसाहत इतकी मोकळी आखली. आणि सव्वाशे वर्षांनी तू इथे उंदरांना अंथरूण पसरून द्यायला निघालास!

भाचा : वळचणीला बारीक जाळी लावू.

आत्या : लाव. पण माझा मुद्दा उंदराचा किंवा पावसाचा नाहीये रे. मुद्दा असा की जिथे माझा हात पोहोचत नाही तिथे अशी वस्तू ठेवू नये, जिची अधूनमधून विचारपूस करावी लागते. भिजली का, खचली का, कोणी राहायला आलंय का. माझं वय आता शिडी चढण्याचं नाही. पुढे या घरात जो राहील त्याला तर वर काय आहे हेही ठाऊक नसेल.

भाचा : मी नेमकं उलटं म्हणतो. जिथे हात पोहोचत नाही तिथे अशीच वस्तू हवी जिला काही करावं लागत नाही. एसीचा फिल्टर धुवावा लागतो, पंख्याला तेल लागतं, पत्र्याला रंग लागतो. थर नुसता पडून असतो. त्याला वीज नाही, मोटर नाही, बटण नाही.

आत्या : कोरडा राहिला तर.

भाचा : कोरडा राहिला तर. मान्य. मग कोरडा ठेवायची जबाबदारी दुसऱ्या थरावर देऊ. तूच म्हणालीस, कौलं वरून उघडायची. उघडलीच आहेत तर वाशांवर आधी चमकदार फॉइलचं कापड अंथरू. विणलेलं, आग सहज न पकडणारं. त्याच्यावर वाशांच्या रेषेत उभ्या पट्ट्या, त्यांच्यावर नेहमीच्या आडव्या रिपा, मग कौलं. कौलातून तुषार आला तर तो कापडावर पडेल आणि उतारानं वळचणीतून बाहेर जाईल.

आत्या : उभ्या पट्ट्या कशाला?

भाचा : रिपा थेट कापडावर ठोकल्या तर प्रत्येक रीप बांध होते, पाणी तिथे साचतं. उभ्या पट्टीमुळे रिपेखाली वाट राहते. पाण्याला खाली जायला आणि गरम हवेला वर आढ्याकडे जायला.

आत्या : चकाकी वर की खाली?

भाचा : तूच सांग.

आत्या : वर ठेवली तर आपल्या धुळीच्या देशात वर्षाच्या आत मातीनं झाकली जाईल. धूळ बसली की ते फॉइल राहत नाही, साधा करडा पृष्ठभाग होतो. खाली ठेवली तर धूळ बसणार नाही. आणि चकाकीचा गुण फक्त परावर्तनाचा नाही. जे चांगलं परावर्तित करतं ते वाईट उत्सर्जित करतं, किर्खोफचा नियम. कापड तापलं तरी खालच्या बाजूनं फार काही सोडणार नाही.

भाचा : उत्सर्जकता 0.05 धर. मघाचा 120 वॉटचा आकडा सातवर येतो.

आत्या : पुन्हा पहिल्या क्षणाचा आकडा! पण दिशा बरोबर आहे. आणि मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडली, जी तू सांगितली नाहीस. दुपारी उष्णता वरून खाली येते. गरम हवा वरच राहते, खाली उतरत नाही. म्हणजे माळ्यातून उष्णता येते ती मुख्यतः प्रारणानं, आणि फॉइल नेमकं तेच अडवतं. रात्री उलट. खोली गरम, छप्पर गार. तेव्हा उष्णता हवेच्या प्रवाहानं वर चढते आणि तिला फॉइल फारसं अडवत नाही. दिवसा दार बंद, रात्री निम्मं उघडं. जाड रॉकवूलला दिवस-रात्र कळत नाही, ते दोन्ही वेळा सारखंच अडवतं.

भाचा : म्हणून थंडीच्या देशांत फॉइलचं तेवढं कौतुक नाही. तिथे उष्णता वर जायला अडवायची असते.

आत्या : आणि आपल्याला तिला रात्री जाऊ द्यायचं असतं. मग ठरलं. फॉइल घाल. वायरिंग आधी नवं कर. पिना नकोत, लाकडी पट्टीनं दाबून धर. आढ्याजवळ हवा जायला जाळीची फट ठेव आणि वळचणीलाही. रॉकवूल नको.

भाचा : इथे मी थांबणार नाही. फॉइल दुपारचं प्रारण अडवेल, पण माळ्यातली हवा बाहेरच्या हवेइतकी तरी गरम राहणारच. बाहेर 38 असेल तर फळ्यांच्या वरही 38. शिवाय फॉइल जिथे वाशाला टेकतं तिथे पोकळी नाही आणि पोकळी नाही तिथे फॉइल म्हणजे नुसता पत्रा. फळ्यांवर 50 नाही तर 25 मिलिमीटर तरी टाकू दे. आकडा 0.85 च्या आसपास येतो. आता वर कापड आहे, पाणी येणार नाही.

आत्या : कापड किती वर्षं टिकेल, सांग. दहा? पंधरा? ते फाटलं की रॉकवूल भिजणार आणि तेव्हा तू पुण्यात असशील.

भाचा : आणि रॉकवूल नसेल तर एक दिवस तुझा मुलगा एसी लावेलच. तेव्हा सगळा गारवा फळ्यांतून वर जाईल आणि तू म्हणशील, थर घातला असता तर बरं झालं असतं.

आत्या : वाद घालून हे मिटायचं नाही. मोजू या. हॉलवर फॉइल आणि तुझं 25 मिलिमीटर. शेजारच्या खोलीवर नुसतं फॉइल. दोन्हीकडे ऊन सारखं पडतं, खिडक्या सारख्या आहेत. दोन्ही छतांना खालून एकेक थर्मामीटर आणि एक बाहेर व्हरांड्यात, सावलीत. मार्च ते मे, दिवसातून तीनदा नोंद. दुपारी तीन, संध्याकाळी सात, पहाटे सहा.

भाचा : तीन कशाला? दुपारचं पुरे.

आत्या : तुला दुपारचंच पुरे वाटणार, कारण दुपारी तूच जिंकणार आहेस. मला पहाटेचं हवंय. घर रात्रभरात किती निवलं, ते मला बघायचंय.

भाचा : आणि माझी खोली दोन अंशांनी गार निघाली तर?

आत्या : तर पुढच्या वर्षी दुसऱ्या खोलीवरही टाक. पण सुटे तुकडे टाक, कापडी पिशवीत शिवलेले, तुळयांच्या मधे बसतील एवढेच. कोणीही उचलून बाहेर काढू शकेल असे. वर चिकटवलेलं, ओतलेलं, फुगवलेलं काही चालणार नाही. झडपेपासून हातभर अंतरावर एक पिशवी अशी ठेव की वर्षातून एकदा ती उचलून खाली हात लावता येईल. ओल आहे की नाही, ते हातालाच कळतं.

भाचा : पिशव्या शिवायच्या तर हवा आत-बाहेर जाईल असं कापड हवं, प्लास्टिक नको. खर्च थोडा वाढेल.

आत्या : एसीपेक्षा कमीच होईल, आणि वीज लागणार नाही.

भाचा : वायरिंग धरलं तर कमी होईल याची खात्री देत नाही.

आत्या : वायरिंग मला तसंही करायचंच होतं, ते तुझ्या थराच्या खात्यात टाकू नकोस. आणखी एक. झडपेच्या आतल्या बाजूला एक पाटी लाव. वर काय घातलंय, कोणत्या साली, कुठल्या तुळयांमधून तारा गेल्यात, कुठे पाय द्यायचा आणि कुठे नाही. चढण्याआधी मेन बंद कर, हे सगळ्यात वर आणि मोठ्या अक्षरांत.

भाचा : लॅमिनेट करून लावतो. मराठीत लिहू?

आत्या : कन्नडमध्ये लिही. वर तू चढणार नाहीस, मीही चढणार नाही. जो चढेल त्याला वाचता यायला हवं.